धुराची माघारी वाट

गाडीच्या मागल्या नळीतून धूर बाहेर पडतो, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण त्यातला थोडा धूर बाहेर न जाता माघारी फिरतो आणि पुन्हा इंजिनात शिरतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो चुकून शिरत नाही. गाडी बनवणाऱ्यांनीच त्याला तशी वाट करून दिलेली असते. त्या वाटेवर एक झडप असते. तिला गॅरेजात ‘ईजीआर वॉल्व्ह’ म्हणतात. एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन या तीन इंग्रजी शब्दांची ती पहिली अक्षरे. आपल्या भाषेत सांगायचे तर धूर माघारी फिरवणारी झडप.

आपल्या अवसरी बुद्रुकात आता आळीआळीला एखादी पिकअप उभी दिसते. कांदा, बटाटा, भाजी भरून ती मंचरच्या बाजारात जाते. कधी रातोरात वाशी गाठते. या गाड्या बहुतेक डिझेलच्या, आणि अलीकडच्या बहुतेक डिझेल गाड्यांत ही झडप असते. ती बिघडली की मालकाला दोन सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, “झडप खोला, साफ करा.” दुसरा म्हणतो, “कशाला दरवेळी खर्च? मधे पत्री मारा नि वाटच बंद करून टाका. कटकट मिटेल.” दुसरा सल्ला स्वस्त पडतो, म्हणून माणसाला तो आवडतो. तो घ्यावा की न घ्यावा? हे ठरवायचे तर ही झडप करते काय, ते आधी समजून घेतले पाहिजे.

चला, इंजिनाच्या पोटात डोकावू.

इंजिनात सिलिंडर असतो. सिलिंडर म्हणजे जाड भिंतीचे नळकांडे. त्यात पिस्टन खालीवर होतो. पिस्टन खाली गेला की हवा आत येते. वर आला की ती हवा दाबली जाते. दाबलेली हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते ना, तसेच. डिझेलच्या इंजिनात ही हवा इतकी तापते की डिझेलची फवार आत शिरताच पेट घेते. तिथे काडी ओढावी लागत नाही. त्या भडक्याने पिस्टन जोरात खाली ढकलला जातो, आणि त्या जोरावर गाडीची चाके फिरतात. जळून उरलेला वायू मग सायलेन्सरच्या वाटेने बाहेर जातो. त्यालाच आपण धूर म्हणतो.

हा भडका किती गरम असतो? क्षणभर, काही जागी, तो 2000 अंशांच्याही वर जातो. लोखंड तर 1538 अंशांना वितळते. मग इंजिन कसे वितळत नाही? भडका डोळ्याचे पाते लवण्याच्या आत विझतो, आणि सिलिंडरच्या भोवती पाणी खेळते ठेवलेले असते, म्हणून. लोखंड असे वाचते. पण आतली हवा त्या आचेतून सुटत नाही, आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

हवेत काय काय असते? शंभर भागांत सुमारे 78 भाग नायट्रोजन आणि 21 भाग ऑक्सिजन. ऑक्सिजन म्हणजे प्राणवायू. त्याच्यामुळे आपण जगतो आणि त्याच्यामुळेच चूल पेटते. नायट्रोजन मात्र शांत. तो स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळत नाही. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आपण त्याला श्वासाबरोबर आत घेतो आणि तसाच बाहेर सोडतो. पण आच 1500 अंशांच्या पुढे चढली की या शांत गृहस्थाचेही डोके फिरते. तो ऑक्सिजनशी जोडी जमवतो. या जोडीतून जे वायू तयार होतात, त्यांना कागदोपत्री नायट्रोजनची ऑक्साइडे म्हणतात. थोडक्यात त्यांना ‘नॉक्स’ म्हणण्याची रीत पडली आहे. आपणही तेच नाव वापरू.

आभाळात वीज कडाडते तेव्हाही हेच घडते. विजेच्या आचेने हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एक होतात. पावसाबरोबर ते रानात उतरतात आणि पिकाला फुकटचे थोडे खत मिळते. यावर कोणी म्हणेल, “मग बरेच की! गाडीसुद्धा खतच पाडते म्हणायचे!” नाही, तसा हिशेब चालत नाही. वीज चमकते दूर आभाळात, वर्षातले थोडे दिवस. गाडीचा धूर निघतो माणसाच्या उशापायथ्याशी, रोज, हजारो गाड्यांतून.

नॉक्समधला एक वायू तांबूस रंगाचा आणि उग्र वासाचा आहे. तो छातीत गेला की श्वासाच्या नळ्यांना सूज येते. दमेकऱ्याचा दमा बळावतो. लहान मुलांना त्याचा त्रास अधिक. रस्त्यावरच्या हवेत तो इतका विरळ असतो की डोळ्यांना दिसत नाही. काळा धूर दिसतो, म्हणून बाईमाणूस नाकाला पदर लावते, गडीमाणूस उपरणे धरतो. नॉक्स दिसत नाही, म्हणून कोणी काही लावीत नाही. लावले तरी पदराने वायू गाळला जात नाही.

शेतकऱ्याचेही यात नुकसान आहे, आणि ते फारसे कोणी सांगत नाही. नॉक्स आणि इंधनाची उडालेली वाफ यांच्यावर कडक ऊन पडले की ओझोन नावाचा वायू तयार होतो. ओझोन फार उंचावर असतो तेव्हा आपला कैवारी असतो. उन्हातला घातक भाग तो वरच्या वर अडवतो. पण तोच जमिनीलगत तयार झाला की पानांत शिरून पाने भाजतो. बटाटा, गहू, सोयाबीन, घेवडा ही पिके त्याला हळवी आहेत. पानावर बारीक ठिपके येतात, पान वेळेआधी म्हातारे होते आणि उतारा घटतो. अर्थात पानावरचा प्रत्येक ठिपका ओझोनचा नव्हे. करपा असेल तर त्याला करप्याचेच औषध हवे.

अमेरिकेत लॉस एंजेलिस नावाचे मोठे शहर आहे. 1940 नंतरच्या वर्षांत त्या शहराच्या आसपास भाजीची पाने भाजल्यासारखी होऊ लागली. रोग सापडेना, कीड दिसेना. शहरात लोकांचे डोळे चुरचुरत. तिथल्या आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने 1950 च्या सुमारास याचे मूळ शोधले. मोटारींचा आणि तेलाच्या कारखान्यांचा वायू, त्यावर कडक ऊन, आणि त्यातून झालेला ओझोन. म्हणजे मोटारीच्या धुराविरुद्ध साक्ष द्यायला भाजीची पाने पहिल्या साक्षीदारांत उभी होती. पुढे सरकारने नियम कडक केले, आणि 1973 च्या सुमारास तिकडच्या मोटारींत ही माघारी वाटेची झडप सर्रास दिसू लागली.

आता झडपेकडे वळू. नॉक्स होऊ द्यायचा नसेल तर भडक्याची आच उतरवली पाहिजे. पण गाडीची ताकद तर राहिली पाहिजे. हे कसे साधावे?

शाळेत असताना आम्ही मुलांना एक सोपा प्रयोग दाखवीत असू. पेटती मेणबत्ती ताटलीत उभी करायची आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घालायचा. थोड्या वेळाने ज्योत लहान होते, मंदावते आणि विझते. पेल्यात हवा तर असतेच. मग ज्योत का विझते? कारण पेल्यातली हवा वापरून झालेली असते. जळालेल्या हवेत दुसरे काही नीट जळत नाही.

आपल्या आयाबहिणींना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. रात्री निखारा राखेखाली झाकून ठेवायच्या. राख म्हणजे जळून गेलेली वस्तू. ती पुन्हा जळत नाही आणि निखाऱ्यालाही भडकू देत नाही. निखारा सकाळपर्यंत जिवंत राही, पण धगधगत नसे. इंजिनात माघारी आलेला धूर हेच राखेचे काम करतो.

कसे ते पाहा. धुरातला प्राणवायू बराचसा खर्च झालेला असतो. तो ताज्या हवेत मिसळला की प्राणवायूचे प्रमाण कमी होते आणि भडका जरा दमाने पेटतो. दुसरे म्हणजे, धुरात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ असते. हे दोघे साध्या हवेपेक्षा जास्त उष्णता पोटात घेतात. आच उतरली की नायट्रोजन आपला शांत तो शांत. नॉक्स थोडाच होतो.

धूर गरम असतो, मग तो थंड कसा करील, असे कोणाला वाटेल. शंका रास्त आहे. म्हणूनच पुष्कळ डिझेल गाड्यांत वाटेवर एक कूलर असतो. त्यात रेडिएटरचेच पाणी फिरते. धूर त्या नळ्यांतून निवत निवत येतो आणि मग हवेत मिसळतो. तसाही धूर कितीही गरम असला तरी 2000 अंशांच्या भडक्यापुढे तो गारच म्हणायचा.

सगळा धूर माघारी घेतला तर मात्र पेल्यातल्या मेणबत्तीसारखे इंजिन विझेल. म्हणून वाटेवर झडप हवी. रात्री रानात दारे धरणारा माणूस काय करतो? या वाफ्याला किती पाणी, केव्हा सोडायचे, केव्हा तोडायचे, हे बघत तो फावड्याने दार उघडतो आणि बांधतो. झडपेचे काम तेच. जुन्या गाड्यांत तिला एका रबरी पडद्याच्या ओढीने उघडत. आता छोटी विजेची मोटर तिला उघडते आणि गाडीतला संगणक त्या मोटरला हुकूम देतो. इंजिन किती तापले आहे, किती वेगाने फिरते आहे, चालकाने पाय किती दाबला आहे, हे सारे तो सेकंदाला कितीतरी वेळा तपासतो.

सकाळी इंजिन थंड असते तेव्हा झडप बहुधा बंद असते. गाडी सपाट रस्त्यावर, बेताच्या वेगाने, हलकी चालली असली की झडप उघडते. डिझेलच्या इंजिनात अशा वेळी आत जाणाऱ्या हवेचा तिसरा हिस्सासुद्धा माघारी आलेला धूर असू शकतो. पेट्रोलच्या गाडीत हे प्रमाण बरेच कमी, शेकडा 5 ते 15 च्या आसपास. आणि भरलेली पिकअप पेठ-अवसरीचा घाट चढू लागली, चालकाने पाय पुरता दाबला, की झडप मिटते. त्या घडीला इंजिनाला सगळी ताजी हवा लागते. म्हणजे झडप धड असेल तर ती घाटात तुमची ताकद खात नाही. “झडपेमुळे गाडी चढ काढीना” असे जो म्हणतो, त्याची झडप उघडीच अडकलेली असते.

ती अडकते का? काजळीमुळे. डिझेलच्या धुरात काजळी असतेच. शिवाय इंजिनातून तेलाची थोडी वाफ येते. काजळी आणि तेल एकत्र झाले की कंदिलाच्या काचेवर धरते तसला नव्हे, तर डांबरासारखा चिकट थर बसतो. गॅरेजवाले त्याला “कार्बन धरलाय” म्हणतात. झडपेचे तोंड नीट मिटेनासे होते. मग हवे तेव्हा आणि नको तेव्हाही धूर आत जातो. गाडी उभी असताना इंजिन थरथरते, पिकअप मिळत नाही, काळा धूर निघतो, डिझेल जास्त लागते आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटतो. झडप कधी उलट, मिटलेलीच अडकते. तेव्हा चालकाला फारसे जाणवत नाही, पण नॉक्स वाढतो. पेट्रोलच्या गाडीत कधी कधी टकटक ऐकू येते.

हा त्रास खरा आहे. मालकाचा दिवस मोडतो, भाजी गाडीतच सुकते. म्हणून पत्री मारणाऱ्याला आम्ही उगाच शिव्या देणार नाही. पण पत्रीने काय होते, ते त्याने ऐकावे. वाट बंद होते, काजळी आत जायची थांबते, गाडी हलकी वाटते. काळा धूरही कमी होतो. कारण माघारी धुराने भडका मंद होतो तेव्हा काजळी थोडी वाढते, आणि धूर अडवला की घटते. मालक म्हणतो, “बघा, गाडी आता स्वच्छ झाली!” दिसणारा धूर घटला हे खरे. न दिसणारा नॉक्स मात्र वाढला.

आणखी एक गोम आहे. डिझेल गाडीची पीयूसी काढतात तेव्हा नळीत यंत्र घालून धूर किती काळा आहे, एवढेच पाहतात. त्यात नॉक्स मोजला जात नाही. त्यामुळे पत्री मारलेली गाडीही पीयूसीत पास होते, आणि मालकाला वाटते की सरकारनेच आपल्याला बरोबर ठरवले. कायदा तसे म्हणत नाही. हवेच्या प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण आमच्या मते दंडाचा धाक ही दुय्यम गोष्ट आहे. घाटाच्या कडेला ज्यांची घरे आहेत, शेते आहेत, त्यांनी तुमच्या गाडीचे काय बिघडवले आहे?

अशी पत्री एकटा गॅरेजवालाच मारतो असे नव्हे. मोठ्यांनीही मारली आहे, फक्त लोखंडाची नव्हे. ही हकीकत आपल्या जवळची आहे. पुणे-नाशिक रस्त्याने पुण्याकडे निघालो की चाकण लागते. तिथे फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा कारखाना 2009 सालापासून आहे. या कंपनीने आपल्या काही डिझेल मोटारींच्या संगणकात एक छुपी सूचना घातली होती. गाडी तपासणीच्या यंत्रावर उभी आहे असे दिसले की धूर माघारी फिरवण्याचे काम नीट करायचे. गाडी रस्त्यावर आली की ते ढिले सोडायचे. परीक्षेला निरीक्षक आले की शाळा झाडून ठेवावी आणि ते गेले की केर तसाच पडू द्यावा, त्यातला प्रकार.

हे उघडे कसे पडले? अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या काही जणांनी यंत्र गाडीच्या मागेच बसवले आणि गाडी खऱ्या रस्त्यावर चालवून धूर मोजला. त्यांच्यात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे आपल्या देशातून शिकायला गेलेले दोघे होते. रस्त्यावरचा आकडा आणि तपासणीचा आकडा जुळेना. अखेर 18 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेच्या सरकारी खात्याने जाहीर केले की या गाड्या नियमाच्या 40 पटींपर्यंत नॉक्स सोडतात. जगभर अशा सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या निघाल्या. कंपनीने लबाडी कबूल केली.

आपल्याकडे तपासणी झाली ती पुण्यात. वेताळ टेकडीवर ‘एआरएआय’ ही वाहने तपासणारी संस्था आहे. ती 1966 साली सुरू झाली. तिच्या तपासणीनंतर 2015 च्या डिसेंबरात कंपनीने भारतातल्या सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. 2019 च्या मार्चमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला 500 कोटी रुपये दंड ठोठावला. त्याच वर्षी मे महिन्यात, सक्तीची कारवाई तूर्त करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. आपण भारतातला नियम मोडलेला नाही, असे कंपनीचे म्हणणे होते.

नियम मात्र कडक होत गेले. डिझेल मोटारीने एका किलोमीटरला किती नॉक्स सोडावा? भारत स्टेज तीनमध्ये 500 मिलिग्रॅमपर्यंत चाले. चारमध्ये 250. 1 एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज सहा आले, तेव्हापासून फक्त 80. एवढे एकट्या झडपेने नेहमी साधत नाही. म्हणून ट्रकांत आणि काही मोटारींत युरियाचे पाणी धुरात फवारतात. त्यातून अमोनिया निघतो आणि नॉक्सचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. युरिया ऐकून कोणी गोणीतला युरिया बादलीत कालवून टाकीत ओतू नये. ते द्रावण शुद्ध आणि मोजके, 100 भागांत 32.5 भाग युरियाचे असते. गोणीतल्या युरियाने पुढची महागडी यंत्रणा चोंदते.

झडप निरोगी राहावी म्हणून काय करावे? बाजारात नंबर लागेपर्यंत इंजिन तासभर उभे चालू ठेवू नये. थंड इंजिन आणि सततची छोटी फेरी, यांत काजळी लवकर धरते. मधूनमधून गाडी मोठ्या रस्त्यावर अर्धा तास चांगली तापू द्यावी. हवेचा फिल्टर चोंदला की काजळी वाढते, तो वेळेवर बदलावा. तेल कंपनीने सांगितले आहे तेच घालावे. झडप साफ करायची झाली तर खोलून, त्यासाठीचे औषध मारून, मऊ ब्रशने करावी. तिच्या विजेच्या भागावर औषध उडू देऊ नये आणि स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नये. रेडिएटरचे पाणी गळती न दिसता कमी होत असेल तर धुराचा कूलर फुटला आहे का, तेही मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. काही अडले तर अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे मोटारींचेच शिक्षण देणारा वेगळा विभाग आहे. गावच्या पोरांनी तिथे जाऊन विचारायला लाजू नये.

जुनी पिकअप विकत घेणारांसाठी एक सांगतो. सौदा ठरवण्याआधी बॉनेट उघडायला लावा. धुराच्या नळीचा झडपेशी जोड कुठे आहे, ते आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखवायला सांगा. दोन तोंडांच्या मधून नव्या पत्र्याची कड चमकत असेल, किंवा नटबोल्ट बाकीच्यांपेक्षा कोरे दिसत असतील, तर तिथे पत्री आहे. मग चावी फिरवून पाहा. चावी दिल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागून गाडी सुरू होताच विझला पाहिजे. तो मुळी लागतच नसेल तर कोणीतरी दिवाही काढून ठेवला आहे. झडप साफ करण्याचा किंवा नवी बसवण्याचा खर्च विचारून घ्या आणि तेवढे पैसे किमतीतून कापा.